फॅन डायरेक्ट, थर्मोस्टॅट गायब आणि वर हेड उतरवायचा सल्ला

पत्र असं आहे :

'आमच्याकडे २०११ ची सँट्रो आहे. मामंजींनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. १ लाख १२ हजार किलोमीटर झालेत. आता ती मीच चालवते, रोज कराड ते उंब्रज, शाळेत. दोन वर्षांपूर्वी पुण्याला जाताना कात्रजजवळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तापली. फॅन फिरत नव्हता. कराडला आल्यावर मिस्त्रींनी फॅन डायरेक्ट करून दिला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तापली, तेव्हा त्यांनी थर्मोस्टॅटच काढून टाकला, "आपल्या हवेत लागत नाही" म्हणाले. त्यानंतर एक महिना धड गेलेला नाही. नवी बॅटरी टाकली, तीही आठ महिन्यांत बसली, सकाळी सेल्फ घेत नाही, नुसतं टकटक वाजतं. अ‍ॅव्हरेज पंधरावरून अकरावर आलं. पीयूसीवाल्याने पहिल्यांदा गाडी परत पाठवली. दर आठवड्याला लिटरभर पाणी घालावं लागतं, पण खाली एक थेंब दिसत नाही. नाताळच्या सुट्टीत गुहागरहून परतताना कुंभार्ली घाट चढताना काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ आली. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण उघडून आतली पांढरी साय दाखवली : हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्याखालचं सील) गेलंय, हेड उतरवायचं, पंचवीस हजार. दुसरा म्हणतो रेडिएटर गेलाय. तिसरा म्हणतो विकून टाका. पुण्याचे दीर तेच म्हणतात, कारण येत्या ऑगस्टमध्ये गाडीला पंधरा वर्षं होतात. शेजारचे म्हणतात सगळा दोष इथेनॉलच्या पेट्रोलचा. मामंजी म्हणतात गाडीत काही खोट नाही, माझं चालवणंच वाईट. आणि गॅरेजमध्ये मी समोर उभी असताना मिस्त्री माझ्या मिस्टरांना फोन लावतात, ज्यांना बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही. दुरुस्त करू की विकू? आणि मला कोणी फसवतंय का, हे कसं ओळखू?'
– स., कराड

ताई, तुमच्या पत्रात तक्रारी सात-आठ आहेत. मूळ बिघाड मात्र माझ्या हिशेबाने दोन, फार तर तीन असावेत. बाकीचे दुरुस्तीतून जन्मलेत. पंधरा वर्षांची गाडी कुरकुर करणारच, पण तुमची गाडी वयामुळे बिघडत नाहीये. दोन वर्षांपूर्वी 'फॅन का फिरत नाही' हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नाची बिलं तुम्ही आजपर्यंत भरताय.

सुरुवात तिथूनच करू. रेडिएटरचा फॅन सतत फिरण्यासाठी नसतोच. इंजिनमधलं पाणी ठरावीक तापमानापुढे गेलं की सेन्सर ते कंट्रोल युनिटला कळवतो, युनिट रिलेला सांगतं, रिले फॅन चालू करतो, आणि पाणी निवलं की बंद करतो. या साखळीत फ्यूज आहे, रिले आहे, सेन्सर आहे, वायरिंगचे सॉकेट आहेत आणि शेवटी फॅनची मोटर. कात्रजला यातली एक कडी तुटली होती. तुमच्या मिस्त्रींनी फॅनला थेट करंट दिल्याबरोबर तो फिरला, म्हणजे मोटर चांगली होती, दोष अलीकडच्या कुठल्या तरी काहीशे रुपयांच्या वस्तूत होता. रस्त्यात अडकलेल्या गाडीला घरी आणायला फॅन डायरेक्ट करणं हा उत्तम उपाय आहे, मीही तोच सुचवला असता. फक्त तो घरी पोचेपर्यंतचा उपाय आहे. तुमच्याकडे त्याला दोन वर्षं झाली.

आता बॅटरीकडे या. असा फॅन दहा अँपिअरच्या आसपास करंट खातो. आता तो किल्ली फिरवल्यापासून बंद करेपर्यंत खातो, अगदी सेल्फ मारताना, जेव्हा बॅटरीचा सगळा जोर स्टार्टरला हवा असतो तेव्हासुद्धा. हायवेवर आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालून वीज बनवणारं यंत्र, एवढा भार सहज उचलतो. अडचण होते ती कराडच्या बाजारपेठेत, दत्त चौकाकडे रांगेत उभं असताना : इंजिन आयडलवर, हेडलाइट चालू, एसी चालू आणि वर हा फॅन. आयडलवर आल्टरनेटरची ताकद बरीच कमी असते, मग उरलेलं बॅटरीतून जातं. रोज थोडं थोडं जातं आणि पुरतं भरून कधीच येत नाही. अर्धवट चार्जवर राहिलेली शिशाची बॅटरी लवकर मरते. म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावून घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे, चालू इंजिनवर १३.८ ते १४.४. लाइट आणि एसी लावल्यावर, आयडलवर, तेरा-साडेतेराच्या खाली जात असेल तर आल्टरनेटरही तपासायला हवा. आणि गाडी बंद करून सगळं निजल्यावर करंट मोजायला सांगा. पन्नास मिलिअँपिअरपेक्षा जास्त जात असेल तर कुठेतरी चोरी चालू आहे, आणि त्या डायरेक्ट केलेल्या वायरीपासूनच शोध सुरू करा. ती वायर किती जाडीची आहे आणि मध्ये फ्यूज आहे की नाही हेही बघून घ्या. फ्यूज नसेल तर ते काम याच आठवड्यात करा, कारण त्यात आगीचा धोका आहे.

एक गंमत सांगतो. डायरेक्ट करताना दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्या तर फॅन फिरतो, पण उलटा. म्हणजे हवा इंजिनाकडे ओढण्याऐवजी पुढे ढकलतो, आणि चालत्या गाडीत समोरून येणाऱ्या हवेशी भांडत बसतो. फॅन फिरताना दिसतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. गाडी उभी करून, फॅन चालू ठेवून, समोरच्या जाळीपाशी कागद धरा. कागद जाळीला चिकटायला बघायला हवा, दूर उडत असेल तर घाटातल्या प्रकाराचं अर्धं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं.

थर्मोस्टॅटचं प्रकरण जरा जास्त गंभीर आहे, कारण 'आपल्या हवेत लागत नाही' हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या गॅरेजांत ऐकू येतं आणि ते चूक आहे. थर्मोस्टॅट ही मेणावर चालणारी साधी झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. ८० अंशांच्या थोडं पुढे गेलं की ती उघडायला लागते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. गाडीला थंड ठेवणं हे तिचं अर्धंच काम. इंजिनाला नव्वदीच्या आसपास, ते ज्या तापमानासाठी बनवलंय तिथे, टिकवून धरणं हे खरं काम. झडप काढली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, तुमच्याकडे तर समोर फॅनही अखंड चालू. जानेवारीच्या सकाळी उंब्रजला पोचेपर्यंत तुमचं इंजिन पुरेसं तापतच नसणार. काट्याकडे बघा : हायवेवर तो अगदी खालच्या रेघेशी असतो का? असेल तर नक्कीच.

मग पुढची मालिका आपोआप सुरू होते. सेन्सर सांगतो इंजिन थंड आहे, कंट्रोल युनिट थंड इंजिनाला देतात तसं जास्त पेट्रोल देत राहतं. अ‍ॅव्हरेज घसरतं, प्लग काळे पडतात, धुरात कार्बन मोनॉक्साइड वाढतो, पीयूसीवाला गाडी परत पाठवतो. शेजाऱ्यांच्या इथेनॉलवरही दोन शब्द बोलतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलवर अ‍ॅव्हरेज थोडं पडतं हे खरं. पण ते शेकड्याला पाच-सहा टक्क्यांच्या घरात. पंधराचं अकरा म्हणजे पाव भाग गेला, तेवढा हिशेब इथेनॉलच्या माथी मारता येत नाही. जुन्या गाडीत इथेनॉलचा खरा धोका रबरी पाइपांना आहे. पुढच्या वेळी गाडी वर उचलली की पेट्रोलचे पाइप चिरा पडलेत का एवढं बघायला सांगा.

आणि ती पांढरी साय! त्यावरून पंचवीस हजारांचा निकाल दिला गेला, म्हणून जरा सावकाश समजून घ्या. हेड गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये मिसळलं की ऑइल दुधाळ होतं, हे बरोबर आहे. पण इंजिन नेहमीच अर्धवट तापत असेल तर पेट्रोल जळताना होणारी वाफ बाहेर पडत नाही, ऑइलच्या झाकणाखालच्या गार पत्र्यावर जमते आणि तिथल्या ऑइलशी मिसळून अशीच साय धरते. हिवाळा, छोटी रपेट आणि थर्मोस्टॅट नाही, म्हणजे साय धरायला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे हजर. खातरजमा घरीच होते. ऑइलची पट्टी ओढून बघा. पट्टीवरचं ऑइल तपकिरी-काळं, स्वच्छ असेल, पातळी वाढलेली नसेल आणि साय फक्त झाकणाला असेल, तर त्या सायीवरून हेड उतरवायचं नाही. पट्टीवरही कॉफीत दूध घातल्यासारखा रंग दिसला तर गाडी चालू न करता टो करून न्या.

म्हणजे हेड गॅस्केट शाबूत आहे असं मी इथे बसून लिहून देतोय का? अजिबात नाही. तुमची गाडी निदान तीनदा चांगलीच तापलीय, आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापलं की वाकू शकतं. खाली थेंब न पडता पाणी जातंय, हेही गॅस्केटचं एक लक्षण असतं. पण पाणी असं गायब व्हायला बाकीच्या वाटाही आहेत, आणि त्या स्वस्त आहेत. रेडिएटरचं झाकण घ्या. त्यातली स्प्रिंग आणि रबर पाण्यावर दाब धरून ठेवतात, त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांना उकळत नाही, पाण्यात मिसळायच्या कूलंटसह एकशेवीसच्याही पुढे टिकतं. रबर कडक झालं की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं, बाजूच्या कूलंटच्या बाटलीत जातं आणि तिथून वाफ होऊन बाहेर. दीड दशकाच्या गाडीला तेच झाकण असेल तर ते आधी बदला. वॉटर पंपाच्या सीलमधून येणारं पाणी गरम इंजिनावर पडून तिथेच वाळतं, मागे पांढरट डाग ठेवून. डॅशबोर्डमागच्या हीटरच्या छोट्या रेडिएटरला गळती असेल तर ती गाडीच्या खाली दिसतच नाही, पुढच्या डाव्या सीटसमोरचं मॅटिंग ओलं लागतं आणि काचेवर चिकट वाफ धरते.

यातलं कुठलं, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, त्याला तपासण्या आहेत. पहिली प्रेशर टेस्ट. थंड इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतका दाब द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. काटा उतरला तर पाणी कुठून येतंय ते टॉर्च घेऊन शोधायचं. दुसरी ब्लॉक टेस्ट. चालू इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रावाची नळी धरतात. सिलिंडरमधला धूर पाण्यात येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. रंग बदलला नाही आणि प्रेशर टेस्टमध्ये गळती बाहेरच सापडली, तर हेडला हात लावू देऊ नका. पिवळा झाला तर मिस्त्री बरोबर होते, आणि मग हेड उतरवायचंच. त्या वेळी लेथवाल्याकडे हेड सपाट आहे का ते पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तुमच्यासमोर मोजायला सांगा, न मोजता गॅस्केट बदललं तर सहा महिन्यांत पुन्हा तिथेच याल.

दुसऱ्या मिस्त्रींचं 'रेडिएटर गेलाय' हे मला सगळ्यात जवळचं वाटतं, फक्त त्यांनी 'का गेला' हे सांगितलेलं नाही. इतके दिवस तुम्ही बहुधा नळाचं, कधी बोअरचं पाणी घालत असणार. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आणि कूलंटमधलं गंजरोधक द्रव्य नसल्यामुळे इंजिनातला गंजही तिथेच येऊन साठतो. बाहेरून एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, पाचटाचा भुसा, किडे यांचा थर बसलेला असतो, वरून पाण्याचा फवारा मारून तो निघत नाही. सपाट रस्त्यावर असा अर्धा बुजलेला रेडिएटर पुरतो, उलट पुरून उरतो. पोफळीच्या पुढे चढ सुरू झाला, दुसरा गिअर, गाडीत पाच माणसं, डिकीत गुहागरचे नारळ, वेग वीस-पंचवीस, की त्याची झाकली मूठ उघडते. म्हणूनच तुमची गाडी हायवेवर गारठलेली असते आणि कुंभार्लीत उकळते, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असतं. इंजिन तापल्यावर रेडिएटरवर तापमानाची गन फिरवायला सांगा. मधेच थंड पट्टे लागले तर त्या नळ्या बंद आहेत. साफ करून भागतं का बघा, फार बुजला असेल तर नवाच घ्या.

माझा क्रम असा राहील. आधी दोन्ही टेस्ट. मग रेडिएटर, नवं झाकण, नवा थर्मोस्टॅट, आतून धुऊन डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्म्या प्रमाणात कूलंट किंवा तयार मिसळलेलं कूलंट, आणि भरताना सिस्टिममधली हवा नीट काढणं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या, आपल्याला ते गंज आणि उकळी या दोन्हींसाठी लागतं. मग कार इलेक्ट्रिशियनकडे फॅनची मूळ वायरिंग पूर्ववत करून घ्या. स्कॅनर लावला की सेन्सर काय तापमान सांगतोय आणि युनिट फॅनला हुकूम देतंय का, हे पाच मिनिटांत दिसतं. हे सगळं झाल्यावर महिनाभर अ‍ॅव्हरेज मोजा, आणि मगच बॅटरी, प्लग वगैरेंचा विचार करा.

टायमिंग बेल्टचा उल्लेख पत्रात नाही, त्याची मला जास्त काळजी वाटते. तुमच्या सँट्रोच्या इंजिनात टायमिंगला, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडायला, साखळी नाही, रबरी पट्टा आहे. लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीत तो बदलल्याची पावती सापडत नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा आणि तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट बदलून घ्या. तो तुटताना आधी आवाज देत नाही. हेड उतरवायची वेळ आलीच तर पट्टा तसाही काढावा लागतो, त्याच मजुरीत नवा टाका.

आता फसवणुकीचं. मला तुमचे मिस्त्री लबाड वाटत नाहीत. ते घाईत असतात, आणि आपण गिऱ्हाईकांनीच त्यांना तसं शिकवलंय. तपासायचे पैसे द्यायला आपल्या जिवावर येतं. तासभर शोधून दीडशे रुपयांचा रिले बदलला तर आपण म्हणतो, 'एवढ्याशा कामाचे पाचशे?' तोच माणूस तीन हजारांचा पार्ट अंदाजाने बदलतो तेव्हा आपण निमूट देतो. म्हणून गॅरेजमध्ये शिरताना पहिलं वाक्य हे असू द्या : 'तपासणीचे वेगळे पैसे देते, काय निघतं ते सांगा, बदलायचं काय ते मी उद्या सांगेन.' जो हे ऐकून तयार होईल तो तुमचा मिस्त्री. त्यांनी काहीही निदान केलं की 'कशावरून?' एवढंच विचारा. खरं काम करणाऱ्याला त्याचा राग येत नाही, उलट तो हौसेने बॉनेट उघडून दाखवतो. बदललेले जुने पार्ट मागून घ्या. आणि मिस्टरांना फोन लागला तर मिस्टरांनी एकच उत्तर द्यायचं : गाडी ती चालवते, तिच्याशी बोला. हे घरातच आधी ठरवून ठेवा.

मामंजींबद्दल. तुमच्या चालवण्याने रेडिएटर बुजत नाही आणि फॅनची वायर तुटत नाही, तेव्हा तो आरोप मनावर घेऊ नका. पण फॅन डायरेक्ट करायला गाडी बहुधा तेच घेऊन गेले होते, आणि मिस्त्री त्यांच्या पंचवीस वर्षांच्या ओळखीचे असणार. त्यांना चूक दाखवायला गेलात तर गाडी राहील बाजूला, घर तापेल. त्यांच्याकडे सगळ्या पावत्यांची फाइल असेल, त्या पिढीकडे असतेच. ती मागा आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला ते त्यांनाच शोधायला लावा. रोज सकाळी इंजिन थंड असताना कूलंटची बाटली बघून पातळी वहीत टिपायचं कामही त्यांच्याकडे द्या. ही नोंद खरंच उपयोगाची आहे : नव्या कूलंटनंतर पातळी जागेवर राहिली की आजार संपला, दर आठवड्याला उतरत राहिली तर पुन्हा शोध घ्यायचा.

विकायचं की ठेवायचं याचा हिशेब लोक चुकीच्या तराजूत करतात. 'गाडीची किंमत सत्तर-ऐंशी हजार, तिच्यावर वीस हजार कशाला घालायचे?' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण गाडी विकलीत तर तुम्ही उद्यापासून चालत जाणार नाही, दुसरी घ्याल. पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी, नऊ टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला सुमारे दहा हजार चारशेचा हप्ता. हेड गॅस्केट शाबूत निघालं तर वर सांगितलेलं सगळं काम, टायमिंग बेल्टसकट, माझ्या अंदाजाने दोन हप्त्यांच्या आत बसावं. त्यात दोन-तीन वर्षं सुखाने गेली तर सौदा वाईट नाही.

पण इंजिन बघून निर्णय घेऊ नका, पत्रा बघून घ्या. इंजिनाचे भाग मिळतात, सडलेला सांगाडा परत उभा राहत नाही. गाडी लिफ्टवर घेऊन खालचा पत्रा, दारांखालच्या चौकटी, जॅक लावायची जागा आणि बॉनेटमध्ये शॉकअ‍ॅब्सॉर्बर जिथे वर बसतात ते घुमट बघा. स्क्रू-ड्रायव्हर टोचल्यावर पापुद्रे निघाले तर पुढचा एक रुपयाही घालू नका. तुमची गाडी वर्षातून एक-दोनदा किनाऱ्यावर जाते, खाऱ्या हवेतून आल्यावर खालून पाणी मारता का?

दिरांच्या बाजूने एकच मुद्दा मला जड वाटतो, आणि तो त्यांनी मांडलेला नाही. पुढच्या एअरबॅगा आणि एबीएस (जोरात ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) हे त्या काळच्या बहुतेक सँट्रोंमध्ये नव्हतं, ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. तुम्ही रोज पुणे-बेंगळुरू हायवेवर असता, ट्रकांच्या मध्ये. आज घाईने कर्ज काढा असं म्हणत नाही. पण पुढची गाडी घ्यायची वेळ येईल तेव्हा या रोजच्या रस्त्यासाठी घ्या, आणि सँट्रो मामंजींना बाजारहाटाला राहू द्या. तोवर ऐंशीच्या आत चालवा आणि टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी एवढं जुनं रबर हायवेवर नको.

घाटात पुन्हा कधी काटा चढायला लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा, काचा उघडा. घामाघूम व्हाल, पण इंजिनातली उष्णता त्या वाटेने निघते. तरीही चढत राहिला तर जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कोणालाही उघडू देऊ नका, मदतीला धावलेल्या अनुभवी काकांनाही नाही, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू देऊ नका.

राहिला ऑगस्ट. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते ही समजूत दिल्ली परिसरातल्या आदेशांमुळे पसरलीय. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरायचा, आरटीओत गाडी दाखवायची. चारचाकीच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून पाच हजार आहे, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. उशीर झाला तर महिन्याला पाचशेप्रमाणे वाढते. तुमची गाडी २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली नसेल तर ते आधी उरका, नाहीतर तिथेच काम अडेल. ब्रेक, सगळे लाइट, हॉर्न, विमा हे मे महिन्यात बघून ठेवा. आणि पीयूसी नवा थर्मोस्टॅट बसल्यावरच काढा, उंब्रजची एक फेरी मारून, इंजिन गरम असतानाच.